दोन बाळंतपणं, दोन पगार: कुणी किती दिलं याचा हिशेब

माझी दोन बाळंतपणं झाली. दोन्ही साताऱ्यात, दोन्ही नोकरीत असताना. पहिल्या वेळी सहा महिन्यांचा पगार कामगार विम्याने दिला, दुसऱ्या वेळी मालकाने. कुठल्या गाड्यावरची मिसळ झणझणीत आणि कुणाचे पेढे ताजे, हे इथे सगळेच लिहितात. मी अकाउंट्सची बाई आहे, पावत्या जपून ठेवते, म्हणून मी ह्या दोन सेवांबद्दल लिहिते. ज्या दोन कंपन्यांत काम केलं त्यांची नावं देत नाही. एकीत अजून मैत्रिणी आहेत आणि दुसरीत मी स्वतः आहे.

पहिली नोकरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये, स्टोअरला. पगार 14,600. पगारपत्रकावर दर महिन्याला ‘ईएसआय 256’ अशी कपात असायची. ईएसआय म्हणजेच हा कामगार विमा. आमच्या सगळ्यांच्या कपाळावर आठी. 256 रुपयांत मोती चौकातून अर्धा किलो कंदी पेढे आले असते. जुलै 2019 पासून सरकारने दर खाली आणला: कामगाराचा पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्का, मालकाचा पावणेपाचवरून सव्वातीन. माझी कपात 256 वरून 110 वर आली, मालकाची 694 वरून 475 वर. तेव्हाही मी म्हणतच होते की हे 110 तरी कशाला. तोवर एकदाही त्या विम्याच्या दवाखान्याची पायरी चढले नव्हते ना.

त्याच वर्षी दिवस गेले. स्टोअरमधल्या एका जुन्या मावशींनी सांगितलं, ‘‘अगं, आधी आपला नंबर बघ, मग डोहाळे पुरव.’’ नंबर म्हणजे विम्याचा नंबर. बघितला तर त्यावर माझं माहेरचं नाव. कंपनीने नोंदणी केली तेव्हा लग्न झालं नव्हतं. लग्नानंतर आधार बदललं, बँक बदलली, पण हे बदलायला मी ऑफिसात दोनदा अर्ज देऊनही तो तिथल्या ड्रॉवरातच राहिला. बँक खात्यावर सासरचं आडनाव, विम्याच्या कार्डावर माहेरचं. पाचव्या महिन्यात पोट सांभाळत मी स्वतः पाठीमागे लागले तेव्हा ते दुरुस्त झालं. नवी लग्न झालेली कुणी हे वाचत असेल तर तिने आज जेवायच्या आधी आपलं विम्याचं पहचान कार्ड काढून नाव तपासावं. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

नियम सोपा आहे. आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून 70 दिवसांचं अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, भरलेलं हवं. अंशदान कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल ते सप्टेंबरात जे भरलं त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. माझी रजा 6 जानेवारी 2020 ला सुरू झाली, म्हणजे अगदी बरोबर बसली. विम्याच्या डॉक्टरांचा दाखला, 19 नंबरचा फॉर्म, बँकेचा रद्द केलेला चेक. 18 फेब्रुवारीला सिव्हिलला मुलगी झाली, तिथला डिस्चार्जचा कागद पुन्हा विम्याच्या डॉक्टरांकडे. एवढंच. आता तर 2022 च्या अखेरीपासून हा अर्ज ऑनलाइनही भरता येतो, तेव्हा कागद हातात घेऊन जावं लागायचं. पगाराच्या सरासरीइतकी पूर्ण रक्कम मिळते, टक्के कापून नाही. दिवसाला साधारण 486 रुपये, 182 दिवस, म्हणजे 88,000 च्या थोडं वर.

मग मार्च उजाडला. 24 तारखेच्या रात्री टीव्हीवर लॉकडाऊनचं ऐकलं तेव्हा लेक पाच आठवड्यांची होती. आमच्या ह्यांचा छोटा हत्ती आहे, एमआयडीसीतलं भाडं मारतात. तो दारात उभा राहिला तो उभाच. सासऱ्यांचं पोवई नाक्यावरचं चहाचं दुकान बंद. मी जिथे काम करत होते तिथे मशिनं थांबली आणि मैत्रिणींना एप्रिलचा पगार अर्धा मिळाला, मेचा काहींना मिळालाच नाही. आणि आमच्या घरात, जी बाई बाजेवर होती, तिच्या खात्यावर पैसे येत होते. एकदम नाही आले, तीन टप्प्यांत आले, पण आले. मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला की सासूबाई आतून विचारायच्या, ‘‘विम्याचा का गं?’’ त्या उन्हाळ्यात गाडीचा हप्ता, डिंकाच्या लाडवाचा डिंक आणि घरातल्या सहा माणसांचा किराणा त्याच पैशांवर झाला. 110 रुपयांना मी परत कधी नावं ठेवली नाहीत.

घरातले सगळे म्हणायचे, ‘‘सरकारने दिले बघ.’’ तेव्हा मीही तेच समजत होते. नंतर दुसऱ्या नोकरीत ईएसआयचं चलन मीच भरायला लागले तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाळंतपणाच्या त्या रोख रकमेत सरकारच्या तिजोरीतला पैसा नाही. तो आमचाच आहे, कामगारांचा पाऊण टक्का आणि मालकांचा सव्वातीन टक्के, सगळ्या देशातून गोळा केलेला. राज्य सरकारचा हिस्सा आहे तो दवाखान्याच्या खर्चात, आठ आण्यांत एक आणा इतका. म्हणजे माझ्या 88,000 साठी कुठल्याशा गिरणीतल्या, कधीच बाळंत न होणाऱ्या बाप्याच्याही पगारातले पैसे कापले गेले होते. भिशीसारखंच हे, फक्त नंबर लागायला चिठ्ठी काढत नाहीत.

आता दुसरी नोकरी. 2022 मध्ये बी.कॉम.च्या जोरावर एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागले. शेतीपंपांचे सुटे भाग. माणसं चौदा, मालक साठीचे, सकाळी आठला स्वतः शटर उघडणारे. पगार 24,500. घरी पेढे वाटले. ईएसआयची मर्यादा 21,000 आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला नाही. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 ला 15,000 वरून 21,000 झाली होती. सहा वर्षांनी, माझ्या दुसऱ्या वेळीही ती तिथेच होती. पगार तेवढे दिवस थांबत नाहीत. मर्यादेच्या वर गेलेली बाई विम्यातून बाहेर पडायची आणि तेव्हाच्या 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याखाली यायची. तिथेही रजा तेवढीच, 26 आठवडे. 2017 च्या दुरुस्तीने ती 12 वरून 26 झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानालाही तो कायदा लागू होता. फरक एकच. तिथे सगळा पगार मालकाने द्यायचा, स्वतःच्या गल्ल्यातून. सरकार रुपया देत नाही, विमा रुपया देत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे एका पुस्तकात आणले, ती नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण ह्या वाटणीत काही बदललं नाही.

मे 2023 मध्ये मी मालकांना सांगितलं. ते आधी हसले, ‘‘वा, पेढे आणा ताई.’’ मग रजेचा विषय काढला तसा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘किती दिवस?’’

‘‘सव्वीस आठवडे, साहेब.’’

‘‘म्हणजे सहा महिने. आणि पगार?’’

‘‘पगारी.’’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ताई, तुमचं बाळंतपण हे तुमच्या घरचं सुख आहे. त्याचं बिल माझ्या दुकानावर कसं काय?’’

मला राग आला. पण प्रश्न चुकीचा होता असं मला त्या दिवशीही म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा सल्लागार आला. आमच्याकडे पीएफ, ईएसआय, जीएसटी सगळं बघणारे एक गृहस्थ आहेत, महिन्याला फी घेतात. ह्यांच्या सेवेचं परीक्षण वेगळं लिहायला हवं, पण इथेच उरकते. पहिला सल्ला: राजीनामा द्या, सहा महिन्यांनी परत घेऊ, मालक शब्दाचे पक्के आहेत. मी म्हटलं, ह्या रजेच्या काळात कामावरून काढणं कायद्यात बसत नाही, आणि राजीनामा मी देणार नाही. दुसरा सल्ला: तीन महिने पगारी, तीन बिनपगारी. मी म्हटलं, नाही. मग तिसऱ्या खेपेला त्यांनी एक हिशेब छापूनच आणला. 24,500 भागिले 30, म्हणजे दिवसाला 816 रुपये 67 पैसे. गुणिले 156 दिवस. एकूण 1,27,400.

‘‘156 कुठून आले?’’ मी विचारलं.

‘‘26 आठवडे, आठवड्याचे सहा दिवस. रविवारची सुट्टी असते ना मॅडम.’’

मी पाच वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजलेत. भागताना रविवार धरायचा आणि गुणताना रविवार सोडायचा, ही मापातली चोरी मला कळते. आणि ह्या रविवारांचा निकाल लागून जमाना झालाय. कोईमतूरकडच्या मळ्यातल्या एका कामगार बाईला असंच सहा दिवसांचा आठवडा धरून पैसे दिले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1977 मध्ये कोर्टाने सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारही मोजायचा. मी हे वकील असलेल्या मामेभावाकडून छापून घेतलं आणि सल्लागारांच्या कागदाशेजारी ठेवलं. 816.67 गुणिले 182 म्हणजे 1,48,633. फरक 21,233 रुपयांचा. शिवाय मालकाने बाळंतपणाची वैद्यकीय सोय मोफत केली नसेल तर 3,500 रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा. मालकांनी दोन्ही कागद वाचले आणि सल्लागारांना म्हणाले, ‘‘बाईंचा बरोबर आहे. तुम्ही चहा घ्या.’’

ह्यानंतर त्यांनी पैशाबाबत एकदाही खळखळ केली नाही. कायदा म्हणतो की बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत. तेवढी एकदम रक्कम चौदा माणसांच्या दुकानातून काढणं म्हणजे काय, हे त्यांच्या बँकेचा मेळ मी रोज लावत असल्यामुळे मला माहीत होतं. मी महिन्याच्या महिन्याला घ्यायला कबूल झाले. कायद्याचा आग्रह धरणाऱ्या कुणी मला ह्याबद्दल बोल लावला तर तो मी ऐकून घेईन. 21 ऑगस्ट 2023 ला रजा सुरू, 4 ऑक्टोबरला मुलगा झाला, 18 फेब्रुवारी 2024 ला 182 दिवस पूर्ण. 19 ला शिवजयंतीची सुट्टी होती, 20 ला कामावर.

हजर झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर माझ्याच रजेच्या नोंदी तपासल्या. माझ्या जागी बसवलेल्या मुलाने त्या टॅलीत ‘इतर खर्च’ खाली टाकल्या होत्या. मी त्या काढून ‘पगार’ खाली नेल्या. त्या मुलाला महिन्याला 12,000 दिले होते, सहा महिन्यांचे 72,000. म्हणजे माझं बाळंतपण मालकांना वैद्यकीय बोनस धरून सव्वादोन लाखांच्या जवळ गेलं. त्या वर्षी पाऊस कमी, पंपांची उलाढाल बसलेली. आकडे समोर असताना मला त्यांचा तो पहिला प्रश्न पुन्हा ऐकू आला.

मग मी एक गंमत म्हणून मांडणी केली. समजा मर्यादा 21,000 नसती आणि माझ्या 24,500 वर विमा चालू असता. मालकांनी भरले असते सव्वातीन टक्के, म्हणजे महिना 797 रुपये. मी 184. आणि बाळंतपणात त्यांना पगारापोटी काही द्यावं लागलं नसतं. 1,48,633 ला 797 ने भागा. 186 महिने येतात. साडेपंधरा वर्षांचं अंशदान त्यांनी माझ्यापायी सहा महिन्यांत मोजलं. मी हा कागद त्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘बाकी तेरा जणांचं भरतोच की मी. तुमचं भरायला मला काय जड होतं? कुणी घेतच नव्हतं.’’

हे बोलणं काही नवीन नाही, हे मला नगरवाचनालयात कळलं. राजवाड्याजवळून जाताना प्रतापसिंह हायस्कूल लागतं. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ह्याच शाळेच्या रजिस्टरात लागलं, त्या दिवशी आता राज्यभर विद्यार्थी दिवस असतो, हे साताऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत. पण 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा ते काय बोलले, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. सरकारने छापलेल्या त्यांच्या भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून ह्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनेच उचलायला हवा हे आपल्याला मान्य आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण सरकार देत नाही म्हणून मालकाला मोकळं सोडायला ते तयार नव्हते. बाईच्या कामाचा फायदा तो घेतो, तर त्यानेही द्यावं. 1929 ला मुंबईचा कायदा झाला आणि भार पडला तो सगळा मालकावर. पुढे 1942 ते 46 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्याच काळात प्रा. बी. पी. आदारकरांनी कामगार विम्याचा अहवाल दिला, 1944 ला, आणि त्यातून 1948 चा ईएसआयचा कायदा आला. माझ्या लेकीच्या वेळी मी त्या विम्याच्या आत होते. लेकाच्या वेळी 1929 च्या पद्धतीत.

जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आहे, तिच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षणाच्या करारातही हेच लिहिलंय: बाळंतपणाचा पगार विम्यातून किंवा सरकारी निधीतून द्यावा, एकट्या मालकाच्या डोक्यावर टाकू नये. कारणही उघड आहे. ज्याच्या डोक्यावर टाकाल तो बायकांना कामावर घेणार नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते, लेस्टरला, एका छोट्या औषधाच्या दुकानात. तिलाही 2023 मध्येच मुलगा झाला, म्हणून आमची तुलना व्हायची. तिकडे 39 आठवडे पगार. पहिले सहा आठवडे नव्वद टक्के, पुढे ठरावीक रक्कम, ती काही फार नाही. ती म्हणाली, ‘‘इथे पगार मालकच देतो, पण नंतर सरकारकडून वळता करून घेतो.’’ मोठ्या कंपनीला 92 टक्के परत मिळतात. छोट्या मालकाला पूर्णच्या पूर्ण, आणि वर तीन टक्के, कागदपत्रांच्या त्रासाबद्दल. 2025 च्या एप्रिलपासून ते वरचे तीन साडेआठ झाले. आमच्या मालकांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘मग पंपाचं दुकान तिकडेच टाकतो.’’

आपल्याकडे कुणाला सुचलं नाही असं नाही. 26 आठवडे झाल्यावर मालक लोक बायकांना घेताना हात आखडतात अशी ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर 2018 मध्ये केंद्राच्या श्रम मंत्रालयाने सांगितलं होतं की सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना आखतो आहोत. मी चौदा माणसांच्या दुकानाचं खातं बघते. त्यात अशी जमा मी कधी केलेली नाही.

सरकारचा स्वतःचा पैसा मी पाहिला तो धाकट्या नणंदेच्या हातात. ती कोरेगावजवळ दिली आहे, घरी बसून ब्लाऊज आणि पेटीकोट शिवते. तिला ना मालक, ना विमा. तिच्या पहिल्या वेळी अंगणवाडीच्या ताईंनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म भरून घेतला, ई-श्रम कार्ड होतं ते जोडलं. पाच हजार रुपये: आधी तीन, मग बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर दोन. ह्यातले साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, मुलगा झाला तर काही नाही. मला हे मिळत नाही, कारण कायद्याने पगारी रजा मिळणाऱ्या बाईला ही योजना नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तिचे पाच हजार 182 दिवसांवर पसरले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये होतात. ती बाराव्या दिवशी मशीनवर बसली. बारसं करून पाहुणे गेले आणि हिने लग्नसराईच्या ऑर्डरी काढल्या. मी रागावले तर म्हणाली, ‘‘वहिनी, तुमचं बरं आहे.’’ त्यावर मला बोलायला काही राहिलं नाही.

तारे द्यायचेच तर विम्याला पाचपैकी चार. एक कापला तो 21,000 च्या कुंपणासाठी. मालकाने द्यायच्या पगाराला अडीच. पैसे पूर्ण मिळाले, पण सहा महिने मी कुणाचं तरी देणं लागते अशा भावनेने बाळ पाजलं, आणि विम्याच्या वेळी तसं एकदाही वाटलं नव्हतं. मातृवंदनेला तारे देत नाही. ती पगाराची जागा घेते असं सरकारही म्हणत नसावं. सल्लागारांनी विचारलं तर त्यांना सांगा, रविवारी बंद.

आणखी एक नोंद, मग थांबते. 2024 च्या जूनमध्ये दुकानात बिलिंगला माणूस हवा होता. अकरा अर्ज आले, चार मुलींचे. मालकांनी आधी त्या चारांतले दोन बाजूला काढून ठेवले. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, ‘‘हे दोन का?’’ ते म्हणाले, ‘‘नुकती लग्नं झाल्यात त्यांची.’’ मग माझ्याकडे बघून ओशाळले आणि अर्ज परत गठ्ठ्यात घातले. शेवटी घेतलं ते त्याच दोघींपैकी एकीला, करंज्यातली आहे, चुणचुणीत. तिने 22,000 मागितले होते. मालकांनी कॅल्क्युलेटर ओढला, माझ्याकडे बघून मिश्कील हसले आणि आकडा लिहिला, 20,900.

ती पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी आली. ‘‘ताई, अकराशे कशाचे कापले?’’

मी म्हटलं, ‘‘बस. तुझं आधार काढ. नाव माहेरचं आहे का सासरचं?’’